किल्लीवालीच्या डोक्यावरचे निखारे

३ तारीख, रविवार

आज आनंदाचा दिवस आहे, म्हणून वहीला आजच सुरुवात करते. वही नातीने दिली. म्हणाली, "आजी, आता अक्षरं येतात ना तुला, मग रोज चार ओळी लिही, हात बसेल." चर्चमधल्या महिला मंडळाच्या वर्गात मी म्हातारपणी लिहायला शिकले, आणि नातीने घरी गिरवून घेतलं. जोडाक्षर आलं की मला अजून जिना चढल्यासारखी धाप लागते. पण चढते.

जिन्यावरून आठवलं. बातमी तीच आहे. किल्लीवाली जिन्यावरून पडली. चर्चच्या सभागृहावर तिची एक खोली आहे, तिथून खाली येताना. खुब्याचं हाड मोडलं. हे गेल्या रविवारीच कळलं होतं, पण तेव्हा जगते की जाते असं चाललं होतं, म्हणून मी आनंद राखून ठेवला. आज पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, हाड जोडलंय, इस्पितळातून खोलीवर आणलंय, जिवाला धोका नाही, पण बरेच दिवस अंथरुणावरून उठता येणार नाही. म्हणजे बाई जिवंत आहे आणि हलता येत नाही. मला याहून काय पाहिजे? मी मान खाली घालून ओठ चावत बसले. शेजारणीला वाटलं मी रडते. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तो जिना आमच्या यांनी बांधलेला नाही, हे इथे लिहून ठेवते. आमचे हे गवंडी. चर्चची कुंपणाची भिंत, पुढचा ओटा, विहिरीचा कठडा, सगळं यांच्या हातचं. यांच्या पायऱ्यांवरून कोणी पडलं नसतं. पण हे उपासनेला बसायचे नाहीत. म्हणायचे, "मी तिथे भिंती बांधायला जातो, बसायला तू आहेस ना." तरी भले माणूस होते. आणि ते गेले तेव्हा या बाईने काय केलं? ऑर्गनला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली. म्हणाली, जो कधी बसला नाही त्याला गीत नाही. आमच्या चर्चमध्ये तिने सूर दिल्याशिवाय गायला तोंड उघडायची कोणाला सवयच नाही. तेव्हाचे पाळक म्हातारे होते, ते नुसते चष्मा पुसत राहिले. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. गीत मलाही येत होतं, पण मी शवपेटीची कड धरून नुसती उभी होते. शेवटी यांना तसंच नेलं. नुसता बुटांचा आवाज. खडीवर. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून ती किल्लीवाली. नाव मीच पाडलं आणि ते सगळ्यांनी उचललं, एवढाच काय तो माझा विजय.

५ तारीख, मंगळवार

शास्त्र स्वतः वाचता येणं म्हणजे काय सुख आहे! इतकी वर्षं पाळक जे वाचतील ते ऐकायचं, आणि पाळक सगळं गोडगोड निवडतात. आता कळतं, त्यांनी आमच्यापासून काय काय लपवलं. स्तोत्रांमध्ये दावीद राजा एवढे शाप देतो, एवढे शाप देतो, की आमच्या नळावरच्या बायका त्याच्यापुढे शाळकरी पोरी. एका ठिकाणी तर तो देवाला सांगतो की माझ्या शत्रूंचे दात तोंडातच फोड. मला ते फार आवडलं. दोनदा वाचलं, बोट फिरवून. पण किल्लीवालीची कवळी आहे. ते स्तोत्र वाया गेलं.

मग दुपारी, पौल प्रेषिताच्या पत्रात, मला हवं ते सापडलं. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय: शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, तहानेला असेल तर प्यायला दे, तसं केलंस की त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते.

निखारे! रास! मी सुनेला हाक मारणार होते, पण थांबले. असलं काही दुसऱ्याला सांगायचं नसतं. साधासुधा निखारा नाही, रास. आणि त्याला पापही म्हणायचं नाही, उलट आज्ञाच आहे. म्हणून तर पाळक हे मोठ्याने वाचत नसतील, नाहीतर सगळ्या गावभर लोक एकमेकांना जेवायला घालत सुटतील.

किल्लीवाली भुकेली आहे का? एकटी आहे, उठता येत नाही. असणारच.

६ तारीख, बुधवार

महिला मंडळाची बैठक. पाळकसाहेब स्वतः आले होते. तरुण आहेत, अजून गालावर मुरूम येतात. सेवाकार्य म्हणजे दूरदेशीच जायला हवं असं नाही, आपल्या जिन्यावर सुद्धा सेवाकार्य असतं, असं छान बोलले. मग विचारलं, ऑर्गनवाल्या बाईंना रोज दुपारचं जेवण कोण देईल?

कोणी मान वर करेना. तिची जीभ सगळ्यांना ठाऊक आहे. मी हात वर केला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "आजी, तुम्ही?"

"मीच," म्हटलं. "माझ्याशिवाय कोण?"

८ तारीख, शुक्रवार

पहिला दिवस. कोंबडीचं सूप केलं, दाट, गाजर घालून. पाव ताजा आणला. उकडलेलं अंडं. निखाऱ्यात कंजुषी कशाला?

खोली छोटी आहे. एक खाट, एक खिडकी, गीतांच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि एका हाताची खुर्ची, म्हणजे दुसरा हात तुटलेला. वास कोंदट. ती उशीवर पडली होती, केस विस्कटलेले. मला बघून म्हणाली, "काय गं लाँड्री, तू? बाकी सगळ्या मेल्या का?"

मी इस्पितळाच्या लाँड्रीत जन्म काढला, म्हणून तिच्या तोंडी माझं नाव लाँड्री.

"सगळ्या जिवंत आहेत," म्हटलं. "तुला बघून मरायची कोणाची इच्छा नाही."

"विष घातलंस का यात?"

"नाही. वाया जाईल."

तिने सूप प्यायलं. सगळं. वाटी पावाने पुसून घेतली. मी तिच्या डोक्याकडेच बघत होते. काहीच झालं नाही. शेवटी म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि भिंतीकडे तोंड केलं.

चादर मात्र मला बघवेना. आजारी माणसाला न उठवता चादर बदलायचं आमच्या लाँड्रीतल्या बायकांना झोपेत जमतं. इस्पितळातल्या परिचारिका आम्हाला हाक मारायच्या. बदलली. ते सूड म्हणून नाही, डाग बघून हात शिवशिवतात म्हणून.

११ तारीख, सोमवार

उशी सरळ करायच्या निमित्ताने कपाळाला हात लावून पाहिला. गार.

बटाटे आणि मांसाचा रस्सा. तोही सगळा संपवला.

१७ तारीख, रविवार

आज उपदेशात पाळकसाहेबांनी माझं नाव न घेता माझी गोष्ट सांगितली. आपल्यात एक आजी आहेत, जिने त्यांना दुखावलं तिलाच त्या रोज भरवतात, हीच खरी क्षमा. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी पदर सारखा केला आणि नम्र दिसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सुनेने घरी येताना माझी पिशवी घेतली, जी ती कधी घेत नाही.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. क्षमा म्हणे. यांना बुटांच्या आवाजात नेलं ते मी विसरेन होय? मी आज केक नेला. केकला निखारे जास्त पडत असावेत, साखरेने आग धरते.

२० तारीख, बुधवार

नातीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते निखाऱ्यांचं वाचन आहे ना, त्यात किती दिवसांत गुण येतो? ती आधी हसली, मग तिने माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाली, "आजी, तू त्यासाठी जातेस?"

"तू शिकवलंस म्हणून तर वाचता आलं."

"अगं, खरे निखारे नसतात ते. समोरच्याला स्वतःची लाज वाटते, मनातून जळतो, बदलतो, असा अर्थ आहे."

"म्हणजे आतून जळतं?"

"हो."

"मग चांगलंच आहे की. वरून जळलं असतं तर चादरी खराब झाल्या असत्या."

दुपारी गेले तेव्हा ठरवून गेले, की आज तिच्या तोंडावर लाज शोधायची. ती अंडं सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू इतकं का बघतेस माझ्याकडे, ते मला माहीत आहे. पौलाचं पत्र वाचलंस तू. पहिल्या दिवशी ते गाजर घातलेलं दाट सूप बघितलं तेव्हाच कळलं. कोणी कोणावर प्रेम करून एवढं दाट करत नाही."

माझी चोरी पकडली होती.

"जळत नाहीये मी," ती म्हणाली. "उलट वजन वाढतंय. उद्या काय आणणार आहेस?"

मला एवढा राग आला की परतीच्या वाटेत मी दोन वेळा थांबून एकटीच बोलले. भाजीवालीला वाटलं तिच्याशी बोलते, तिने मला कोबी दिला.

२२ तारीख, शुक्रवार

ताप! कपाळाला हात लावला आणि चटका बसला. माझ्या तोंडातून "आला!" असं निघालं. तिने डोळे उघडले नाहीत. मी उभी राहून बघत होते. गाल लाल, ओठ कोरडे, अगदी जसं मनात रंगवलं होतं तसं. आता बस. आता खुर्चीवर बसून नीट बघायचं, एवढी वर्षं वाट बघितली आहे.

बसले. मग ती काहीतरी पुटपुटली. मला वाटलं माफी मागते. कान जवळ नेला. ती गीताचे सूर मोजत होती, बोटं चादरीवर हलवत.

आणि माझ्या डोक्यात आलं, ही अशीच गेली तर? माफी न मागता, सूर मोजत, आरामात? मग मी कोणाला भरवू? मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले, या वयात, आणि रस्त्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरला हाताला धरून आणलं. खुब्याच्या ऑपरेशनच्या जखमेत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी म्हटलं, "हिला मरू द्यायचं नाही. माझं काम अर्धं राहिलंय." त्यांनी मान डोलावली. पाळकसाहेबांसारखेच, त्यांनाही काहीच कळलं नाही.

ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत राहिले. मी स्वतःच पेटवलेलं विझवायला बसले होते. असला मूर्खपणा.

२७ तारीख, बुधवार

ताप उतरला. पण नवीनच संकट. तिचा भाचा आलाय, मोठ्या शहरातून, स्वच्छ कपडे, हळू आवाज. भला माणूस आहे, त्याच्यावर राग धरता येत नाही, तेच वाईट. म्हणाला, मावशीला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवतो, खोली बघितली आहे, परिचारिका असतात, रोज मोजून जेवण. रविवारी मंडळीच्या सभेत पाळकसाहेब सगळ्यांचं मत घेऊन तिला निरोप देणार.

मी म्हटलं, "मीठ कोण बघणार?"

"मीठ डॉक्टर सांगतील तसं, काकू."

एवढी गप्प मी किल्लीवालीला कधी बघितली नव्हती. खिडकीकडे तोंड करून होती. जाताना मी विचारलं, "जाणार तू?"

"मला विचारतंय कोण," ती म्हणाली. "तुला बरंच झालं. सुटलीस."

सुटले? मी सुटले? घरी आले, भाजी चिरता चिरता बोट कापलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला आनंद व्हायला हवा." हवा तर खरं. माझा शत्रू अनोळखी लोकांत, पथ्याचं अळणी खात, एकटा. दाविदाने सुद्धा याहून जास्त मागितलं नसतं. मग मला आग का लागली आहे?

विचार करून सांगते का लागली आहे. कारण तो सूड माझा नाही. भाच्याचा सूड मला कशाला? जिच्यासाठी मी एवढी कोंबडी शिजवली, तिला दुसरा कोणी उचलून नेणार आणि परत कधी तिच्या तोंडावर लाज दिसली तर ती बघणार तिथली परिचारिका. नाही. नाही म्हणजे नाही.

नवा महिना. १ तारीख, रविवार

घाईने लिहितेय म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे.

उपासनेनंतर सभागृहात सगळे बसले. खोली बरोबर वरच आहे आणि खिडकी उघडी, तिला सगळं ऐकू जातं. पाळकसाहेबांनी भाच्याचे आभार मानले, बाईंच्या सेवेबद्दल बोलले, आणि म्हणाले, "विशेष आभार आपल्या आजींचे, ज्यांनी क्षमा काय असते ते दाखवलं. कोणाला काही बोलायचं आहे?"

मी उठले. गुडघा कडकन वाजला.

"मला बोलायचंय," म्हटलं. "मी क्षमा केलेली नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारी विनोद करते.

"हसू नका. माझ्या नवऱ्याला या बाईने गीताशिवाय पाठवलं. तुम्ही सगळे तिथे होता, आणि तुमच्यापैकी एकाने तोंड उघडलं नाही. मी तिला रोज खाऊ घातलं ते तिच्या डोक्यावर निखारे पडावेत म्हणून. शास्त्रात आहे, वाचून बघा. अजून पुरेसे पडलेले नाहीत. ती जळलेली नाही. जाड झाली आहे! आणि आता तुम्ही तिला अशा ठिकाणी पाठवताय जिथे तिला कोणी ओळखत नाही, म्हणजे जिथे तिचा राग करणारं सुद्धा कोणी नाही. हे मला मान्य नाही. ती माझी आहे."

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. भाचा म्हणाला, "पण काकू, तिच्याकडे दिवसभर बघणार कोण? खोलीत एकटी..."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. "माझ्या घरी ठेवा. जवळून जाळता येईल."

माझी सून दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. आणि मग वरून, त्या खिडकीतून, हसण्याचा आवाज आला. घोगरा, मोठा, खोकला मिसळलेला. थांबेच ना. मग काठीने फरशीवर ठोकल्याचा आवाज, आणि ओरडणं: "जाते मी! लाँड्रीकडे जाते! येऊ दे तिला जाळायला!"

पाळकसाहेब खाली बसले. मग त्यांनी प्रार्थना केली. पण कशासाठी ते त्यांना स्वतःलाच नीट सांगता आलं नाही, मधेच आमेन म्हणाले.

घरी येताना सून म्हणाली, "आई, विचारायचं तरी होतं. सूड घेणार तुम्ही आणि बेडपॅन धुणार मी?"

"तू नाही गं. धुण्यात माझा जन्म गेलाय."

मुलगा पुढे चालत होता. त्याचे खांदे हलत होते. हसत असावा. बापावर गेलाय.

५ तारीख, गुरुवार

किल्लीवाली पुढच्या खोलीत आहे. खाट खिडकीपाशी. तिला इथलं काहीच पसंत नाही. पडदा भडक, नळ गळतो, नातीचं गुणगुणणं बेसूर. आल्यापासून तिने नातीला दोन गीतं शिकवली, शिव्या देत.

आज दुपारी घरात आम्ही दोघीच. मी सूप दिलं आणि सरळ विचारलं. इतक्या वर्षांत सरळ कधी विचारलंच नव्हतं.

"का केलंस? खरं सांग. बसायचे नाहीत म्हणून, हे नको सांगू."

तिने चमचा खाली ठेवला. "तुझा नवरा ऑर्गनच्या मागची भिंत लिंपत होता. आमचा सराव चालू होता. सगळ्या गाणाऱ्यांसमोर म्हणाला, बाई, माझी थापी दगडावर घासते ती याहून सुरात असते. सगळे हसले. आठवडाभर हसत होते. मी तेव्हाच ठरवलं, हा मरू दे, मग बघते."

मला हसू आलं. दाबलं, पण आलं. हे असंच बोलायचे.

"मग बरं वाटलं?"

"फार. तुझं तोंड बघून तर फारच."

"आणि पुढे?"

तिने चमचा उचलून सूप ढवळलं. "पुढे रविवार आला. तू माझ्या मागच्या बाकावर येऊन बसलीस. दर रविवारी. मी वाजवायला बसले की माझी मान भाजायची. वर्षानुवर्षं. पदराने झाकली तरी भाजायची."

"म्हणजे जळत होतीस?"

"मग काय!"

"आधीपासून? आणि मी इतके दिवस कोंबड्या शिजवते आहे! सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुला आनंद झाला असता."

मी माफी माग म्हटलं. ती म्हणाली, मागणार नाही, आधी त्याने मागायला हवी होती, आणि तो सुटला. मी म्हटलं, ते काय खोटं बोलले होते, तू वाजवतेसच तशी. तिने मला चमचा फेकून मारला. लागला नाही. मी उचलला, धुतला, परत दिला, आणि तिने उरलेलं सूप संपवलं.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. हाड धरतंय, हृदय घोड्यासारखं आहे. असंच खात राहिली तर अजून दहा वर्षं सहज काढेल, म्हणाले.

दहा वर्षं! मी बोटांवर हिशोब केला. हिला पुरून उरायचं तर मला आधी तेवढं टिकलं पाहिजे. माझं रक्त कमी आहे, गुडघे गेलेत, रात्री मी दोन घासांवर उठते. उद्यापासून पातेलं मोठं घेणार. तिच्यासमोर बसून मी पण जेवणार.